सोलापुरात बारक्यांना घेऊन संध्याकाळी कुठं जायचं?

चिमणीचं_घर

नमस्कार मंडळी. डिसेंबरात नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही पुण्याहून जुळे सोलापुरात आलो. घरात दोन नग आहेत. थोरला साडेतीन वर्षांचा. धाकटी अकरा महिन्यांची, धरून धरून उभी राहणारी आणि हाताला लागेल ते तोंडात घालणारी.

पुण्यात सोसायटीच्या खाली उतरलं की भागायचं. इथं घर ऐसपैस, वर गच्ची, शेजार चांगला. पण चार वाजले की थोरला ग्रिलला लोंबकळून "आता कुठं जायचं?" सुरू करतो. घराजवळ एक बाग आहे म्हणून हौसेनं गेलो. फाटकाला कुलूप, पण शेजारचे दोन गज वाकवलेले आणि सगळी पोरं तिथूनच ये-जा करतात. आम्हीही तसेच घुसलो. आत घसरगुंडीचा पत्रा खालच्या टोकाला फाटून वर आलेला. झोक्याच्या दोन साखळ्या आहेत, मधली पाटी गायब. आमचं पोरगं त्या दोन साखळ्या धरून उभ्या उभ्याच पुढं-मागं डुलत राहिलं. घरी येऊन बाबाला म्हणालं, "मी झोका खेळलो." मला कसंतरीच झालं.

तर सांगा. आठवडाभर मी आणि स्कूटर, कार फक्त रविवारी. धाकटीला जमिनीवर सोडता आलं पाहिजे. मॉल नको, पुण्यात खूप झाले.

भोंगा८४

पोरी, सोलापुरात जागा नंतर विचारायची, आधी वेळ विचारायची. आमचा जन्म गिरणीच्या भोंग्यावर गेला, आता दोन नातवंडांच्या भोंग्यावर चाललाय, म्हणून सांगतो. आत्ता फेब्रुवारी हाय तंवर साडेपाचला निघालं तरी चालतंय. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापास्नं सहा-सव्वासहा. एप्रिल-मेमधी सूर्य बुडला तरी फरशा आन् भिंती थंड होत नाहीत, रात्री आठपर्यंत झळ मारत्यात. तेव्हा संध्याकाळ सोडून द्यायची आन् सकाळ धरायची. सहाला बाहेर, आठला घरात.

आता जागा. भुईकोट किल्ला. गावाच्या मधोमध हाय म्हणून सोलापूरकर तिकडं ढुंकून बघत नाही, पाहुणे आले की मग आठवतंय. आत झाडं हायत, सावली हाय, हिरवळ हाय. किल्ला पुरातत्त्व खात्याकडं हाय, पंधरा वर्षांच्या आतल्या पोराला तिकीट लागत नाही. मी नातवाला बुरूज मोजायला लावतो. त्याला पाचाच्या पुढं येत नाही, मग परत एकपास्नं. तेवढ्यात माझा चहा पिऊन होतो. १८१८ साली इंग्रजांनी तोफा लावून हा किल्ला घेतला, एवढं एकच वाक्य सांगायचं. पुढचा अर्धा तास त्याचं "धुडूम धुडूम" चालू. तटावर मात्र बारक्याला न्यायचं नाही, एका हातात एक आन् दुसऱ्या हातात दुसरं असल्यावर तर नाहीच.

तिथनं भाहेर पडलं की सिद्धेश्वराचा तलाव लागूनच. देवळापर्यंत चालत जायचं, पाण्यातले मासे बघायचे, परत. दीड तास कसा गेला कळत नाही.

शेकाट्या

जुळे सोलापूर म्हणजे तुमच्या दाराशीच की संभाजी तलाव! जुनी माणसं अजून कंबर तलावच म्हणतात, रिक्षावाल्यालाही तेच सांगा. विजापूर रोडला, शेजारी स्मृती उद्यान आहे. सकाळी सात वाजता गेलात तर चालायला येणारे सोडून कोणी नसतं.

लहान मुलाला पक्षी दाखवताना माझी एक पद्धत आहे. दुर्बीण द्यायची नाही. साडेतीन वर्षांच्या मुलाला दुर्बिणीतून फक्त स्वतःच्या पापण्या दिसतात. काठाजवळचे, मोठे, सोपे पक्षी दाखवायचे. शेकाट्याचे पाय गुलाबी आणि इतके लांब की काठ्यांवर चालल्यासारखा वाटतो, तो कुठलंही पोरगं ओळखतं. दुसरा वारकरी. काळाकुट्ट, कपाळावर पांढरा ठिपका. माझ्या लेकीनं पहिल्यांदा नाव ऐकलं तेव्हा विचारलं, "हा पंढरपूरला कधी जाणार?" अजून उत्तर दिलेलं नाही.

एक खरं सांगतो, तलावात जलपर्णी माजली की निम्मं पाणी दिसत नाही आणि काठाला वासही येतो. तेव्हा आधी एकट्यानं चक्कर मारून बघा, मग पोरं न्या.

रविवारी कार असेल तर तुळजापूर रस्त्यानं हिप्परगा. गावापासून आठ-नऊ किलोमीटर. सरकारी कागदांत एकरूख तलाव म्हणतात, १८७१ साली पूर्ण झालेला मातीचा बांध आहे. थंडीत तिथं परदेशी बदकं आणि पट्टकदंब उतरतात, फेब्रुवारी संपायच्या आत जा. पाण्याच्या काठाला चिखल फसवा असतो, मुलाचा हात सोडायचा नाही. आणि चुरमुरे टाकू नका हो पक्ष्यांना. सगळेच टाकतात म्हणून सांगतोय.

खडूफळा

प्राथमिक शाळेत आहे, वीस वर्षं मधल्या सुट्टीत मैदानावर उभी राहिले आहे. त्या अनुभवावर चार गोष्टी, बागेचं नाव कुठलंही असो.

घसरगुंडीवर लहान बाळाला मांडीत घेऊन घसरू नका. सगळे आईबाप प्रेमानं हेच करतात. बाळाचा पाय कडेला अडकतो, आपलं वजन मागून येतं आणि नडगीचं हाड मोडतं. बाळ एकटं घसरलं तर अडकल्यावर थांबतं, आपण बरोबर असलो की थांबत नाही. माझ्या भाचीचं असंच झालं. फोटो काढायला माणूस तयार उभा होता, फोटोही आला. त्यात सगळे हसतायत.

खेळायला सोडण्याआधी गळ्यातलं काढा. ताईत, काळा दोरा, टोपीची नाडी, मुलींची ओढणी. घसरगुंडीच्या वरच्या कोपऱ्यात नेमकं तेच अडकतं. कमरेचा करदोडा राहू दे, आजीशी भांडण नको.

पत्र्याच्या घसरगुंडीला हाताचा तळवा नाही, मागची बाजू लावून बघा. तीन सेकंद ठेवता आली नाही तर पोराची मांडी भाजणार. काळ्या रबरी मॅटलाही हेच लागू.

चौथी गोष्ट म्हणजे माझं दुखणं. झोक्याखाली पेव्हर ब्लॉक. आधी तिथं माती होती, पोरं पडायची, झाडून उठायची. मग "सुशोभीकरण" झालं आणि माती गेली. झोक्याखाली ज्याला माती ठेवता येत नाही त्यानं तो टांगावाच कशाला! खाली वाळू किंवा भुसभुशीत माती दिसली तरच मूल सोडा. रंग उडालेला असला तरी चालेल.

उगाचकाहीतरी

सगळं वाचायला छान वाटलं. आता हेच मे महिन्यात सांगा. पारा ४३, पाणी चार-पाच दिवसांआड, मातीत लोळून आलेल्या दोन पोरांना आंघोळ कुठल्या पाण्यानं घालायची? मी तर सरळ एसीतल्या सॉफ्ट प्लेमधे तासाचे पैसे भरतो आणि बाहेर बसून मोबाईल बघतो. लाज वाटत नाही.

खडूफळा

वाटायचं कारणही नाही. मे महिन्यात दुपारी दुसरा इलाज नाही. फक्त तिथले रंगीत चेंडू कधी धुतात ते एकदा विचारून बघा, मग मातीवर बोलू.

उगाचकाहीतरी

विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना पगार विचारला.

पूर्वभागी

मी अशोक चौकाकडचा. आमच्याकडे बागेला जायची पद्धतच नव्हती. घरात खाली माग, वर आम्ही, आणि गल्लीत कोणाचं ना कोणाचं बांधकाम चालू. त्या बांधकामाची वाळू हेच आमचं मैदान. अव्वा दारात बसून विड्या वळायची, एक डोळा सुपावर आणि एक वाळूवर. वाळूत मांजराची घाण सापडायची, खिळे सापडायचे. एकदा मला चार आण्याचं नाणं सापडलं, ते मी अजून विसरलो नाही.

बांधकामाच्या वाळूवर आता मी माझ्या मुलाला सोडत नाही, पण वाळू सोडली नाही. ट्रॅक्टरचं जुनं टायर पंक्चरवाल्याकडून आणलं, गच्चीवर सावलीच्या कोपऱ्यात आडवं टाकलं, खाली पोतं. पाच-सहा पाट्या वाळू दोनदा चाळून त्यात घातली. रात्री वरून ताडपत्री आणि चार विटा. ही पायरी चुकवली तर मांजर उद्यापासून मालक. पत्र्याचा जुना डबा, मोडकी पळी, चहाची गाळणी दिली की एक तास घरात शांतता. पाण्याचं म्हणाल तर पोरं आधी झटकायची, मग टबात उभी करून दोन तांबे. तेच पाणी गच्चीवरच्या कढीपत्त्याला. आमच्या भागात पाणी कमी म्हणून पोरं मळकी राहिली असं कधी झालं नाही.

ताई, तुमची अकरा महिन्यांची वाळू खाईल हे नक्की. तिला टायरच्या बाहेर बसवा आणि एक डबा वाजवायला द्या.

आणि हो, नवरात्रात बतुकम्माच्या, म्हणजे तेलुगू लोकांच्या फुलांच्या सणाच्या वेळी पूर्व भागात एकदा या. बायका फुलांचा डोंगर मधे ठेवून फेर धरतात आणि सगळी बारकी पोरं त्या फेराच्या आत-बाहेर पळतात. कुणी कुणाला ओरडत नाही.

कडूगोळी

मुलांची डॉक्टर आहे, म्हणून कंटाळवाणं तेच लिहिते.

बागेत भटकी कुत्री असतातच. चावलं नाही, नुसतं ओरखडलं, तरी ते गांभीर्यानं घ्या. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. आणि त्याच दिवशी लशीसाठी दवाखाना गाठायचा. हळद, तिखट, चुना काही लावायचं नाही. परवा एका आजोबांनी मिरचीपूड भरून नातवाला आणलं होतं. पोरगं कुत्र्यापेक्षा मिरचीनं जास्त रडत होतं.

उन्हाळ्यात ओआरएसचं पाकीट घरात ठेवा, पण एक लिटरचं पाकीट एका ग्लासात ढवळून देऊ नका. एक लिटर म्हणजे एक लिटर. खेळणारं मूल स्वतः पाणी मागत नाही, दर वीस मिनिटांनी आपण पुढं करायचं. लघवी गडद पिवळी दिसली किंवा बराच वेळ झालीच नाही, तर खेळ बंद.

गाजरगवत फुललेल्या मोकळ्या प्लॉटवर बसू नका, अंगावर पुरळ येतं, दम्याच्या मुलांना त्रास होतो. एवढंच. बाकी माती लागू दे.

शेकाट्या

रविवारसाठी आणखी. पुणे रस्त्यावर केगावला विद्यापीठाजवळ विज्ञान केंद्र आहे. आत मोठ्या मुलांना मजा, पण बाहेरच्या बागेत हात लावायच्या, ओढायच्या, फिरवायच्या गोष्टी आहेत, त्या साडेतीनलाही चालतात.

बार्शी रस्त्याला नान्नज, साधारण वीस-बावीस किलोमीटर. माळढोकांसाठी १९७९ साली अभयारण्य झालं. माळढोक दिसेल या आशेनं जाऊ नका, मीच किती वर्षं हात हलवत परत येतोय. काळविटांचे कळप मात्र दिसतात. पहाटे जा, आणि मुलाला आधीच सांगा की इथं ओरडायचं नाही. माझ्या लेकीनं हे इतकं मनावर घेतलं की परतताना चहाच्या टपरीवरसुद्धा ती कुजबुजत "बिस्कीट" म्हणाली.

हत्तरसंग कुडलला भीमा-सीनेचा संगम आहे, चाळीसेक किलोमीटर. १०१८ सालचा मराठी शिलालेख तुम्ही वाचा. पोरांना ते शिवलिंग दाखवा, त्याच्यावर ३५९ मुखं कोरलेली आहेत. मोजायला बसवायचं असेल तर भोंगाकाकांच्या नातवाला न्या.

भोंगा८४

पाचपर्यंत मोजून दील की तो.

डिसेंबरात आला म्हणता म्हंजे गड्डा, आपली सिद्धेश्वराची जत्रा, बघितला असंल. नसंल बघितला तर पुढच्या संक्रांतीला होम मैदानावर जायचंच. सात नंदीध्वज निघत्यात, पाळणे, खेळणी, भजी, सगळं. पण बारक्याच्या हातावर बॉलपेननं आपला मोबाईल नंबर लिहायचा. शर्टाच्या खिशात चिठ्ठी ठिवली होती आम्ही मागं, त्यानं ती फुगेवाल्याला दिली.

चिमणीचं_घर

तीन आठवड्यांनी परत आले, उशिराबद्दल माफ करा. दोघांना आळीपाळीनं ताप.

किल्ला झाला, दोनदा. पहिल्यांदा संध्याकाळी गेलो आणि पोहोचेपर्यंत निघायची वेळ. दुसऱ्यांदा रविवारी सकाळी. धाकटीला हिरवळीवर चादर टाकून सोडली. तिनं चादर सोडून गवतच उपटून खाल्लं. थोरल्यानं बुरूज चार मोजले आणि मग एका मुंगळ्यामागं पाऊण तास गेला. एवढा किल्ला, एवढा तट, आणि घरी आल्यावर बाबाला सांगितलं काय, तर मुंगळा. भोंगाकाका, धुडूम धुडूम मात्र अजून चालू आहे, शेजारच्या काकूंनी विचारलं काय झालंय म्हणून.

कंबर तलावावर वारकरी दिसला. मी उत्साहानं नाव सांगितलं. त्यानं बराच वेळ बघून विचारलं, "याची टाळ कुठंय?" शेकाट्याभाऊ, तुमच्या लेकीच्या प्रश्नात ही भर.

टायर आणलं. चाळण्यात माझा एक पूर्ण रविवार गेला आणि वाळूतून दोन खिळे, एक बिडीचं थोटूक आणि शंख निघाला. ताडपत्री एक रात्र विसरले. पूर्वभागीदादा, मांजराबद्दल तुम्ही म्हणालात ते खरं आहे. पुन्हा चाळली.

आता त्या बागेचं. तक्रार दिली, पोच मिळाली, पोच छान शिक्क्याची आहे. मग आम्ही गल्लीतल्या चार-पाच आया आणि एक आजोबा मिळून झोक्याचं मनावर घेतलं. लाकडी फळी बांधणार होतो. खडूफळाताईंना इथं निरोप टाकून विचारलं, तर त्यांनी रागावून सांगितलं की लाकडी पाटी रिकामी परत येते आणि मागून येणाऱ्या पोराच्या कपाळाला लागते. मऊ पाहिजे. मग पूर्वभागीदादांच्या ओळखीनं पिठाच्या गिरणीचा जुना रबरी पट्टा मिळाला. जाड, वाकणारा, दोन्ही टोकांना पत्र्याची घडी घालून नटबोल्ट मारले, बोल्टचं डोकं आतल्या बाजूला. खालचे सहा पेव्हर ब्लॉक "आपोआप" निघाले. कुणी काढले मला माहीत नाही आणि कृपया विचारू नका. तिथं दोन घमेली वाळू पडली आहे.

झोका एक आणि पोरं चौदा. भांडणं नकोत म्हणून आजोबांनी नियम काढला, प्रत्येकाला वीस झोके आणि मोजायचं रांगेत उभं असलेल्यांनी. रांगेतली काही तेलुगू, काही कानडी, बाकीची आपली. त्यामुळं कधी एक-दोन-तीन, कधी ओकटी-रेंडु-मूडु, कधी ओंदु-एरडु-मूरु. कानडीत मोजलं की झोके जास्त मिळतात असं थोरल्याचं ठाम मत आहे, कारण मोजणारी मुलगी पंधरानंतर पुन्हा दहावर येते. तो तिच्याच पुढं नंबर लावतो.

खडूफळा

बोल्ट दर आठवड्याला हातानं हलवून बघायचे. साखळीची वरची कडी सुद्धा, ती झिजते आणि खालून दिसत नाही. शिडी घेऊन कुणीतरी चढायचं.

उगाचकाहीतरी

शिडी माझ्याकडे आहे. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

चिमणीचं_घर

केला. शनिवारी सकाळी सव्वासहाला या, सातनंतर चौदा पोरं असतात आणि ती शिडी सोडणार नाहीत.